झाडलेल्या जमिनीवर तंबू

आमच्या दाराबाहेर एक पाटी आहे. मी शनिवार पेठेत वाढले, त्यामुळे लग्नानंतर खराडीत अकराव्या मजल्यावर राहायला आले तरी पाटी बरोबर आलीच. ‘चपला-बूट बाहेर काढावेत. हे घर आहे, फूटपाथ नाही.’ डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या ऑफ-रोडिंग ग्रुपचे कॅप्टन ही पाटी ओलांडून चिखलाच्या बुटांनिशी थेट सोफ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “वहिनी, यंदा थरचं वाळवंट करायचंच!” मी त्यांना उठवलं, बूट काढायला लावले आणि त्यांच्यादेखत फरशी पुसली. ते हसत होते. ट्रिप ठरली ती अशी.

हे कॅप्टन सैन्यात कधीच नव्हते. खराडीतल्याच एका कंपनीत मॅनेजर आहेत, पण पँटला आठ खिसे आणि हातात वॉकी-टॉकी आला की माणूस कॅप्टन होतो. आमचे हे, म्हणजे अभिजित, त्यांचे भक्त. अभिजितने दीड वर्षापूर्वी फोर बाय फोर घेतली. तोवर तिने पाहिलेला सगळ्यात अवघड प्रदेश म्हणजे आमच्या सोसायटीचा बेसमेंट. त्यामुळे सव्वीस जानेवारीला जोडून लाँग वीकेंड आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आमच्या लग्नाच्या फोटोतही सापडलेली नाही.

एरवी मी या ब्लॉगवर कुठे काय खावं, कुठे राहावं ते हसतखेळत लिहिते. आजही ते सगळं लिहीन, कारण तुमच्यापैकी अनेकजण अशा ट्रिपची स्वप्नं बघत असणार. पण मी प्रचंड चिडलेली आहे आणि तो राग झाकून लिहिणं मला जमणार नाही. शेवटपर्यंत वाचलंत तर कोणावर चिडले आहे तेही कळेल.

पाच गाड्या होत्या. कॅप्टनची, त्यांच्या ऑफिसातल्या दोन जोडप्यांच्या दोन, आमची, आणि वाघोलीच्या सोपानदादांची जुनी जीप. सोपानदादा पन्नाशीचे, जन्मापासून शेतात ट्रॅक्टर चालवलेले. ग्रुपमध्ये त्यांना सगळ्यात मागे ठेवतात, कारण त्यांची गाडी फोटोत बरी दिसत नाही. निघण्याआधी कॅप्टननी भाषण केलं. “आपल्या ग्रुपचा एकच नियम. कोणालाही मागे सोडायचं नाही!” टाळ्या झाल्या. प्रत्येक गाडीला नाव मिळालं. आम्ही ‘चार्ली फोर’.

गुरुवारी दुपारी बाराला निघालो. गुरुवारची अर्धी, शुक्रवार आणि मंगळवारची पूर्ण रजा टाकलीत तरच हा बेत जमतो, तीन दिवसांत करायला जाऊ नका. एक्स्प्रेसवे, ठाण्याची कोंडी, घोडबंदर, वापी, सुरत. पुणे ते बारमेर साधारण साडेदहाशे किलोमीटर पडतात, गाडी चालवणारे दोघं हवेत. पहिला मुक्काम बडोद्याला. हायवेलगतची साधी लॉजं दोन हजारांच्या आत मिळतात आणि गरम पाणी मागावं लागत नाही. शुक्रवारी अहमदाबाद, मेहसाणा, पालनपूर, सांचोर. रस्ता इतका चांगला की पुणेकराला अपमान वाटावा. पालनपूरच्या पुढे एका ढाब्यावर बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि शेव-टमाटर खाल्लं, दोघांचे मिळून तीनशे वीस. तिथला गल्ल्यावरचा माणूस आमच्या गाड्यांकडे बघत म्हणाला, “इतनी दूर से रेत देखने आए हो? हमारे यहाँ तो लोग रेत से भागते हैं.”

त्या वेळी मला ते वाक्य गमतीचं वाटलं आणि मी ते ब्लॉगसाठी फोनमध्ये टिपूनही घेतलं.

शनिवारी सकाळी बारमेरहून पाण्याचे कॅन, लाकूडफाटा, भाजी भरून निघालो. सीमेजवळच्या काही भागात जायला परवानगी लागते, तेव्हा आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. डांबरी रस्ता सुटल्यावर टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. चढावर थांबायचं नाही, उतारावर ब्रेक मारायचा नाही. हे सगळं अभिजितला पाठ होतं. पहिल्या टेकडीवर गाडी वर चढली, माथ्यावर क्षणभर नुसतं आभाळ दिसलं आणि मग ती खाली घसरली तेव्हा माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती आनंदाची होती. खोटं कशाला बोलू! तीन तास मी हसत होते.

अडीचच्या सुमारास वॉकी-टॉकीवर कॅप्टन ओरडले, “चार्ली फोर, फुल थ्रॉटल! घाबरता काय?” अभिजितने पाय दाबला. वाळूखाली दगड होता. खालून जो आवाज आला तो मला दातांत जाणवला.

सोपानदादा जीपमधून उतरले आणि गाडीखाली आडवे झाले. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “ऑईलच्या चेंबरला मार बसलाय. भेग हाय बारीक, पर ऑईल गळतंय. हितंच थांबून बुजवू. अर्ध्या तासाचं काम हाय.”

कॅप्टननी घड्याळ बघितलं. “सूर्यास्ताचा ड्रोन शॉट आहे, दादा. पाचही गाड्या फ्रेममध्ये पाहिजेत. थेंब थेंब गळतंय, काही होत नाही. कॅम्पवर बघू.”

अभिजित माझ्याकडे बघायला लागला. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “चला आता, अंधार व्हायच्या आत जागा तरी बघायला हवी.” हे वाक्य लक्षात ठेवा.

ड्रोन उडाला, शॉट झाला, आभाळ नारिंगी झालं. पण राहायचं कुठे? कॅप्टनना तयार तंबूंचा कॅम्प नको होता. “वाइल्ड कॅम्पिंग! जिथे माणूस पोचलेला नाही तिथे!” प्रत्यक्षात जिथे जाऊ तिथे भुरटाचं गवत. त्याचे काटेरी गोळे मोज्यांत, पँटमध्ये, केसांत अडकतात आणि काढताना बोटात मोडतात. शिवाय लेंड्या. मी स्वच्छतेच्या बाबतीत कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. तीन जागा मी नाकारल्या. मग एका टेकाडाला वळसा घातला आणि मला ती दिसली.

गोल, सपाट, घट्ट जमीन. आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टाच्या दुपटीहून मोठी. एक काटा नाही, एक लेंडी नाही, काडीसुद्धा नाही. मधोमध सिमेंटचा गुडघाभर उंच गोल कट्टा, त्यावर कुलूप लावलेलं लोखंडी झाकण. कट्ट्याच्या बुडाशी चार भोकं आणि त्यांना जाळ्या. सगळी जमीन त्या कट्ट्याकडे अगदी हळूच उतरत होती.

“इथेच,” मी म्हणाले. “बंद पडलेली सरकारी विहीर दिसतेय. किती स्वच्छ आहे बघा!”

कॅप्टन खूश. चार गाड्या आत आल्या. सोपानदादा मात्र जीपबाहेर उभं राहून जमीन बघत होते. “वैनी, ही जागा कुनीतरी राखल्याली वाटतीय,” ते म्हणाले. मी म्हणाले, “अहो दादा, इथे दहा मैलांत घर दिसतंय का?” त्यांनी जीप तेवढी बाहेर गवतातच लावली आणि तिथेच झोपले.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलेलं होतं. जानेवारीत तिथे कधीकधी एखादी सर येते, तिला ते लोक मावठ म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी पोहे केले. त्या कट्ट्यावरच शेगडी मांडली, कारण वाळवंटात एवढा सोयीचा ओटा कुठून मिळणार! पंधरा-सोळा प्लेट पोहे झाले, सगळ्यांनी वाहवा केली. मग मी कढई आणि प्लेटा तिथेच साबणाने विसळल्या. पाणी उताराने वाहत जाळीपाशी गेलं आणि भोकातून आत शिरलं. मी अभिजितला हाक मारून ते दाखवलं. “निचरा बघ कसला केलाय! आपल्या बिल्डरला दाखवायला हवं.”

हो, मी तसंच म्हणाले होते.

तेवढ्यात टेकाडावरून एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, डोक्यावर रिकामा घडा. जमिनीच्या कडेला येऊन त्यांनी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “जूते उतारो.”

कॅप्टन हसले. “मंदिर है क्या?”

“पहले जूते उतारो. फेर बात करो.”

मी बूट काढले, का ते न कळताच. बाईंचं नाव जमना. त्यांनी अर्ध्या हिंदीत अर्ध्या मारवाडीत जे सांगितलं ते तुम्हाला सरळ सांगते. तो कट्टा म्हणजे टांका, जमिनीखालची पाण्याची टाकी. भोवतालची ती गोल जमीन म्हणजे आगोर. तळ्यातली माती आणून, ठोकून, घट्ट करून ती बनवतात. पाऊस पडला की पाणी आगोरावरून वाहत त्या चार भोकांतून टाकीत जातं, आणि ते पाणी त्यांच्या घरातली पाच माणसं पुढच्या पावसाळ्यापर्यंत पितात. तिथे चप्पल घालून कोणी जात नाही. बकरी चढू देत नाहीत. आदल्या दिवशी सकाळी ढग दिसले म्हणून मावठ येईल या आशेने जमनाबाईंनी सगळं आगोर वाकून झाडून काढलं होतं. ज्या स्वच्छतेवर मी भाळले ती त्यांच्या झाडूची होती.

त्यांनी कमरेची किल्ली काढून झाकण उघडलं आणि बादली सोडली. बादली वर आली. पाण्यावर बारीक फेस होता, आणि त्यात एक भिजलेला, हळदीने पिवळा झालेला पोहा तरंगत होता. जमनाबाईंनी तो बोटाने उचलला आणि माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला सोसवल्या असत्या.

मग त्यांची नजर आमच्या गाडीकडे गेली. खाली काळा डाग पसरला होता, परातीएवढा. आत येताना आणि पार्क करताना पडलेल्या थेंबांची ओळही होती, कडेपासून थेट गाडीपर्यंत. त्यांनी आभाळाकडे बघितलं. पाऊस आला की ते सगळं तेल टाकीत जाणार होतं. मुद्दा एवढाच होता आणि तो कोणालाही कळला असता.

“देखिए,” कॅप्टन खिशातून पाकीट काढत म्हणाले, “हमको कैसे पता चलेगा? कोई बोर्ड नहीं लगाया आपने. बोर्ड लगाना चाहिए ना!” आणि पाचशेची नोट पुढे केली.

जमनाबाईंनी नोटेकडे पाहिलंही नाही. “बोर्ड कोनी,” त्या म्हणाल्या. “झाड़ू तो काढी थी.”

पाटी नव्हती, झाडलं तर होतं. मी शनिवार पेठेतली मुलगी, पाट्या वाचत मोठी झालेली, आणि मला झाडलेली जमीन वाचता आली नाही.

कॅप्टननी नोट खिशात टाकली आणि टाळी वाजवली. “चला, नऊला निघायचंय. मोठ्या टेकड्या बाकी आहेत.”

“निघायचंय म्हणजे?” मी म्हणाले. “हे तेल कोण उचलणार?”

“वहिनी, इमोशनल होऊ नका. सरकारी जमीन आहे ही. आणि दोन थेंब तेलाने काय होतंय? हे लोक काहीही पितात.”

मी त्यानंतर जे बोलले ते छापण्यासारखं नाही. जे छापता येईल तेवढं सांगते. मी म्हणाले, तुमच्या घरच्या फिल्टरमध्ये मी आत्ता दोन थेंब इंजिन ऑईल टाकते, तुम्ही प्या, मग आपण निघू. मी म्हणाले, पुण्यात माझ्या सोफ्यापर्यंत बूट घालून आलात तेव्हाच तुम्हाला दारातून परत पाठवायला हवं होतं. मी म्हणाले, आठ खिसे आहेत तुमच्या पँटला आणि एकातही लाज नाही. दोन्ही जोडपी आपापल्या तंबूच्या खुंट्या उपटत होती, अगदी मन लावून. त्यातली एक बाई, जिने दोनदा पोहे घेतले होते, मला हळूच म्हणाली, “जाऊ दे ना गं, वीकेंड खराब नको करू.”

अभिजित मात्र आपल्या कॅप्टनकडे बघत होता. “सर,” तो म्हणाला, “दादांनी काल थांबायला सांगितलं होतं.”

“गाडी तू चालवत होतास,” कॅप्टन म्हणाले.

नऊ वाजता तीन गाड्या गेल्या. कोणालाही मागे सोडायचं नाही म्हणणारे कॅप्टन वॉकी-टॉकीवर म्हणत होते, “चार्ली फोर, सेल्फ रिकव्हरी करा. ऑल द बेस्ट.” म्हणजे तुमचं तुम्ही निस्तरा. अभिजितने वॉकी-टॉकी बंद केला आणि सीटवर टाकला.

सोपानदादा उरले होते. त्यांनी चपला गवतात काढल्या, जीपमधून फावडं घेतलं. आम्ही आधी गाडी ढकलत ढकलत आगोराबाहेर नेली, खाली ताडपत्री धरून, म्हणजे आणखी थेंब पडू नयेत. मग ते गाडीखाली शिरले, कपड्याचा साबण ओला करून भेगेवर घासला आणि वर कापड कसून बांधलं. वीस मिनिटं लागली. आदल्या दिवशी ही वीस मिनिटं आम्हाला जड झाली होती.

नंतर आम्ही चौघं अनवाणी बसून माती खरवडत होतो. सोपानदादा फावड्याने, अभिजित वाळूतून चाक काढायच्या छोट्या फावड्याने, मी पोह्यांच्या झाऱ्याने, जमनाबाई विळ्याने. काळी झालेली माती पोत्यात भरायची, बाहेर नेऊन ठेवायची. जमीन गार होती, पाय बधिर झाले. डाग वरून दिसतो त्याहून खोल गेला होता. खरवडलं की खाली पुन्हा काळं.

“आमची बी हीर हुती,” सोपानदादा मान वर न करता म्हणाले. “वाघोलीला. आजानं खांदलेली. आता तिच्यावर इमारतीचं पार्किंग हाय. मीच सही केली.” मग पुन्हा फावडं मारायला लागले.

साडेअकराला वारा थांबला. जमनाबाईंनी हात थांबवून पश्चिमेकडे बघितलं आणि त्या उठल्या. परातीएवढा डाग निघाला होता, पण थेंबांची ओळ अर्धीच झाली होती आणि टायरला लागून पसरलेलं तेल तसंच होतं. त्यांनी डोक्यावरची ओढणी काढली, तिचे चार तुकडे फाडले. बादलीतल्या पाण्याने माती कालवली. चारही भोकांत एकेक तुकडा कोंबला आणि वरून चिखल लिंपला. मी विचारलं, “भोकं बंद केली तर पाणी कुठून जाणार?” त्या चिखल लिंपत राहिल्या. मूर्ख प्रश्नाला देतात का कोणी उत्तर?

पाऊस अर्धा तास पडला, चांगला जोरदार. आम्ही ताडपत्रीखाली उभे होतो, जमनाबाई बाहेर, उघड्या डोक्याने. आगोरावरून पाणी इतकं सुरेख वाहत होतं की बघत राहावं. सगळीकडून कट्ट्याकडे येत होतं, बुजवलेल्या भोकांना धडकत होतं, भोवती साचत होतं. त्यावर इंद्रधनुषी तवंग होता. मग जमनाबाईंनी विळ्याने एका बाजूला चर काढला आणि ते सगळं पाणी वाळूत सोडून दिलं. वाळूने ते बघता बघता पिऊन टाकलं. वर्षातून एखाद्या वेळी येणारा हिवाळ्यातला पाऊस, ज्यासाठी त्यांनी अख्खं आगोर झाडलं होतं, त्यांना स्वतःच्या हाताने ओतून द्यावा लागला.

“महीने भर का पीने का था,” त्या म्हणाल्या.

मी रडले. त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

मी टँकर मागवते म्हणाले. पैशांनी सुटणारे प्रश्न आम्हाला लगेच सुचतात. टँकर त्या वाळूत येत नाही, गावापासून शेवटचे चार किलोमीटर रस्ताच नाही. मग सोपानदादांनी जीप काढली. गावातल्या नळावरून आमच्या कॅनमध्ये आणि दोन ड्रममध्ये पाणी भरून तीन खेपा केल्या. त्या दिवशी मी खरं ऑफ-रोडिंग पाहिलं. ड्रम बांधलेली ती जुनी जीप टेकडीवरून अशी यायची की आतलं पाणी हिंदकळायचं नाही. कोणी ड्रोन उडवत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी म्हणाले, हे टाकीत ओतू या. जमनाबाई पटकन आडव्या आल्या. “पालर में खारो कोनी मिलावे.” पावसाच्या पाण्यात खारं पाणी मिसळत नाहीत. नळाचं पाणी जमिनीखालचं, खारट. ते घरातले घडे आणि बकऱ्यांचं कुंड भरायला ठीक. टाकीतलं साबण लागलेलं पाणी उपसायचं की तसंच प्यायचं, ते त्या घरी सासूला विचारून ठरवणार होत्या. म्हणजे आम्ही जे बिघडवलं ते भरून देण्याची सोयच नव्हती.

निघताना त्यांनी आम्हाला चहा पाजला. त्याच टाकीतल्या पाण्याचा. मी सगळा प्याले.

रात्र बारमेरला. सोमवारी झेंडावंदनानंतर एका मेकॅनिकने दुकान उघडलं. चेंबरला वेल्डिंग आणि नवं ऑईल, सहा हजार. परतीच्या वाटेवर भरूचच्या पुढे अभिजित म्हणाला, “मी पाय दाबला नसता तर.” मी म्हणाले, “मी ‘चला आता’ म्हणाले नसते तर.” मंगळवारी दुपारी घरी पोचलो.

दाराशी मी माझे बूट काढले. तळाला आगोराची माती घट्ट बसली होती, तेलाने काळी. समोर माझी पाटी. ‘हे घर आहे, फूटपाथ नाही.’ चौदा वर्षं मी ती रोज पुसते.

त्या संध्याकाळी कॅप्टननी व्हिडिओ टाकला. ड्रोनने रविवारी सकाळी वरून घेतलेला. पाच गाड्यांऐवजी चार गोलात, एक बाहेर. मधोमध पांढरा कट्टा, त्यावर वाकलेली लाल जॅकेटमधली मी, भांडी विसळताना. खाली लिहिलं होतं, ‘जिथे माणूस पोचलेला नाही.’ हजारो लोकांना आवडलाय. मी खाली सगळं लिहिलं, टांका, आगोर, तेल. दहा मिनिटांत ते काढून टाकलं गेलं आणि त्यानंतर मलाही ग्रुपमधून काढलं. अभिजित आपण होऊन बाहेर पडला.

तर तुम्ही जाणार असाल तर जा, मी नका जाऊ म्हणणार नाही. पण तिथे जी जागा स्वच्छ, सपाट, सोयीची दिसेल, ती कोणीतरी पाठ मोडून झाडलेली आहे असं समजा. बूट काढा आणि मागे फिरा. गवतात झोपा, काटे टोचू देत.

जमनाबाईंच्या शेजारच्या घरात फोन आहे. मागच्या रविवारी लागला. मी विचारलं, भोकं उघडली का? त्या म्हणाल्या, नाही. खरवडलेल्या जागी तळ्यातली माती आणून ठोकतायत, त्या आणि सासू. पावसाळ्यातला पहिला पाऊसही आत घेणार नाहीत, आगोर धुऊन निघावं म्हणून तोही वाहून जाऊ देणार. मग उघडतील. मग त्यांनी मला विचारलं, “थारे उठै पाणी है नी?” तुमच्याकडे पाणी आहे ना?

मी स्वयंपाकघरात उभी होते. नळ सुरू होता, मी कढई घासत होते. मी हो म्हणाले आणि नळ बंद केला.